शिरूरपर्यंत काचा बंद

"घरात मरत न्हाई ह्यो," यवतच्या दुकानदारानं निळ्या वड्यांचं पाकीट काउंटरवर आपटलं. "खाल्लं की तहान लागती. पाण्याला म्हनून भाईर पळतो आन् तिकडंच रानात मरतो. तुमाला दिसायचा बी न्हाई."

ज्ञानदेवनं पाकीट उलटंसुलटं करून बारीक अक्षरांतलं सगळं वाचलं. कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत एकोणीस वर्षं ऑपरेटर म्हणून काढल्यावर, छापलेलं वाचल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही अशी त्याला सवय लागली होती. परिणाम चार ते पाच दिवसांत, एवढंच पाकिटावर होतं. उंदीर पाण्याला बाहेर पळतो असं कुठं लिहिलेलं नव्हतं. पण दुकानदार खात्रीनं बोलत होता, आणि लेकीच्या, पूनमच्या लग्नाला बारा दिवस उरले होते.

कासुर्डीला घरी आल्यावर तो थेट पत्र्याच्या शेडमध्ये गेला. शेडला लागूनच कांद्याची चाळ होती, त्यामुळे उंदीर होतेच. आदल्या दिवशी इंडिकेटरची वायर कुरतडलेली सापडली होती. त्यानं गाडीवरचं कव्हर उचललं आणि चारी चाकांपाशी एकेक वडी ठेवली. मग थोडा विचार करून एक वडी बॉनेटखाली, बॅटरीच्या बाजूलाही ठेवली.

"गाडीपायी येडा झालाय निस्ता," थोरली बहीण कुशाबाई दारातून म्हणाली. "लगीन पोरीचं हाय का गाडीचं?"

"दोघींचं बी हाय आक्का. दोघी एकाच दिवशी नटनार."

"आन् एक परत यील, एक न्हाई यायची." कुशाबाई हे बोलून गेली आणि लगबगीनं आत वळली.

गाडी मोठ्या साहेबांची होती. लांबलचक, चॉकलेटी रंगाची, मागं कातडी सीट असलेली. सकाळी साडेनऊला ती गेटातून आत शिरायची तेव्हा वॉचमन टोपी सरळ करायचा. गेल्या वर्षी, म्हणजे २००३ साली, कंपनीनं साहेबांना नवी गाडी घेतली आणि जुनी विकायची असल्याची नोटीस बोर्डावर लागली. ज्ञानदेवनं फंडातून पैसे काढले आणि ती घेतली. शिफ्टमधल्या लोकांना आठवडाभर हसायला विषय मिळाला.

"भाऊ, तिच्या एका टायरात आपली आख्खी लुना येती," जोडीदार बन्सी म्हणाला होता. "आन् पेट्रोल? पाजनार कोन?"

"रोज कुठं पाजायचंय? सनावारी पाजू."

"मेंढरं राखनाऱ्याचा नातू सायबाच्या गाडीत. तुमचा आजा बघायला पायजे हुता."

ज्ञानदेव नुसता हसला. गाडी का घेतली हे त्यानं बन्सीलासुद्धा सांगितलं नाही.

सात वर्षांपूर्वी एका दुपारी प्लांटवर एका पाइपाच्या जोडातलं पॅकिंग उडालं. ज्ञानदेवनं पुढं जाऊन व्हॉल्व्ह बंद केला, पण तेवढ्यात छातीभर वाफ आत गेली. कंपनीची अँब्युलन्स आधीच कुणाला तरी घेऊन गेली होती. गेटपाशी साहेबांची गाडी उभी होती. तिच्याच मागच्या सीटवर त्याला आडवं घातलं आणि दौंडला नेलं. त्या वाटेवर तो अर्धवट शुद्धीत होता. गाल सीटला टेकलेला होता आणि तीन वास येत होते. उन्हानं तापलेल्या कातड्याचा, समोर ठेवलेल्या चंदनाच्या बाटलीचा, आणि त्यांच्या तळाशी कधीतरी विझलेल्या सिगारेटचा. हॉस्पिटलात जाग आली तेव्हा पहिल्यांदा त्याला वाटलं, नाक चोंदलंय.

ते चोंदलेलं नव्हतं. पुण्याच्या डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. जिभेला गोड, खारट, आंबट, कडू एवढंच कळतं, बाकीची सगळी चव नाकाची असते. तिखट लागेल, कारण तो वास नाही, चटका आहे. अमोनिया झोंबेल. बाकी येईल किंवा येणार नाही. ज्ञानदेव वर्षभर रोज सकाळी चहाच्या डब्यात नाक घालून बघायचा. मग त्यानं तेही सोडलं.

ही गोष्ट त्यानं लपवली. प्लांटवर मीटर नंतर बोलतं, आधी नाक बोलतं. कुठला जोड गळतोय, कुठली टाकी जास्त तापलीय, हे शहाण्या ऑपरेटरला वासावरून कळतं. नाक गेलेल्या माणसाला कुणी तिथं ठेवणार नव्हतं. गेटावर बसवलं असतं, नाहीतर घरी. बायको, रतनबाई, त्याच वर्षी काविळीनं गेली होती आणि घरात पंधरा वर्षांची पोर होती. फक्त बन्सीला सांगितलं. बन्सीला काही वास आला की तो डावा कान खाजवायचा. सात वर्षं ज्ञानदेवनं बन्सीच्या कानावर नोकरी केली.

म्हणून गाडी ताब्यात आली त्या दिवशी त्यानं बॉनेट उघडलं नाही. आधी मागचं दार उघडलं, सीटवर बसला, काचा लावल्या आणि श्वास घेतला. काही नाही. पण त्याचं त्याला वाईट वाटलं नाही. रेडिओ बिघडला म्हणून स्टेशन बंद पडत नाही. तो वास तिथं होताच. त्याला शेवटचं जे कळलं होतं, ते या गाडीत होतं. पूनम सासरी जाईल ती याच वासातून, हे त्यानं तिथंच ठरवलं.

घरी लपवणं सोपं गेलं, कारण पूनम बडबडी होती. "आण्णा, फोडनी बगा कशी खमंग बसलीय." "आण्णा, आज चाळीत एक कांदा सडलाय, वास सुटलाय बगा." ती असं काही म्हणाली की तो फक्त "व्हय की" म्हणायचा. एकदाच चूक झाली होती. दोन वर्षांपूर्वी तो स्वयंपाकघरात पेपर वाचत बसला होता आणि पाठीमागं दूध आटून पातेलं जळून काळं झालं. पूनम अंगणातून पळत आली, स्टोव्ह बंद केला, पातेलं बाहेर नेलं. "डुलकी लागली वाटतं आण्णा," एवढंच म्हणाली. त्याच्या हातात पेपर होता आणि चष्मा डोळ्यांवर होता.

लग्नाच्या दिवशी मे महिन्याचं ऊन पत्र्यावर वाजत होतं. ज्ञानदेवनं पहाटेच गाडी धुतली. आतून ओल्या फडक्यानं पुसली, मागच्या सीटवर नवं काळं घोंगडं अंथरलं. त्यांच्यात मानाच्या माणसाला घोंगड्यावर बसवतात. मग काचा लावून, दारं बंद करून, तिला मांडवाबाहेर उभी केली. पोरांनी बाहेरून झेंडूच्या माळा लावल्या. वड्यांपैकी चार जागच्या जागी होत्या, बॉनेटखालची तेवढी संपली होती. उंदीर पाण्याला बाहेर पळाला असणार.

साडेबाराला अक्षता पडल्या. तीनच्या सुमाराला पोरगी वाटेला लावायची वेळ झाली. ज्ञानदेवनं नारळ फोडला, गाडी सुरू केली आणि एसी पूर्ण सोडला. मुद्दाम पुण्याला नेऊन त्यानं त्यात गॅस भरून आणला होता. मग उतरून तो डिकीत रुखवताची भांडी बसवायला लागला.

त्यानं मान वर केली तेव्हा जावई, हनुमंत, आत बसून पुन्हा बाहेर आला होता. त्याचा चेहरा कसानुसा झाला होता.

"काय झालं पाव्हणं?"

"काय न्हाई मामा. मला जरा... बंद गाडीत मळमळतंय. मी जीपमधी बसतो."

जावयाचे चुलते आनंदराव पुढं आले, आत डोकावले आणि झटकन मागं सरले. "आमची जीप उघडी हाय, पन हवा तरी हाय बाबा," असं काहीतरी ते दुसरीकडं बघत बोलले. दोन-चार जण हसले.

ज्ञानदेवच्या कानशिलात कढत काहीतरी गेलं. जुनी गाडी. दुसऱ्याची वापरलेली. तोंडावर बोलत नाहीत, पण बसतही नाहीत.

पाठराखीण म्हणून कुशाबाई जाणार होती. तिनं दार उघडलं आणि पदर नाकाला लावला. "अगं बया! ह्ये काय गं—"

"आत्या!" पूनमनं तिचा दंड असा धरला की बांगड्या वाजल्या. "तुला गाडी लागती. तू जा जीपमधी. ह्यांच्याबरुबर जा."

"आगं पन तू—"

"मी आण्णांबरुबर येते. मला ह्याच गाडीतनं जायचंय."

ज्ञानदेवला इतकंच ऐकू आलं आणि तेवढं पुरलं. पूनम आत बसली, शालू आवरून घोंगड्यावर नीट टेकली आणि दार तिनं स्वतः ओढून घेतलं.

यवत मागं पडलं. चौफुल्याला गाडी डावीकडं वळली. पारगावच्या पुलाखाली भीमेचं पाणी उन्हानं पांढरं दिसत होतं. ज्ञानदेव चाळिसाच्या वर गेला नाही. आरशात त्याला पूनमचा अर्धा चेहरा दिसत होता. तिनं उजव्या हाताची ओंजळ नाकातोंडावर धरली होती आणि डोळे भरलेले होते. रड बाई, असं तो मनात म्हणाला. तिची आई असती तर तिच्या गळ्यात पडून रडली असती.

मध्येच काच थोडी खाली आली. रस्त्याचा गरम वारा आत घुसला.

"आगं, काच लाव. शालूवर धूळ बसंल. एसी लावलाय की."

"व्हय आण्णा." काच वर गेली आणि मग शिरूर येईपर्यंत खाली आली नाही.

न्हावऱ्याच्या अलीकडं, रस्ता मोकळा असताना, त्यानं सात वर्षांत कुणाला न विचारलेला प्रश्न विचारला. आज विचारला नाही तर मग कधीच नाही, असं त्याला वाटलं.

"पूनम, गाडीला वास येतो का गं? कातड्याचा? चंदनाचा?"

त्यानं आरशात पाहिलं. तिनं ओंजळ बाजूला केली होती.

"येतो की आण्णा," ती म्हणाली. आवाज घोगरा होता. "बसल्यापासनं त्योच येतोय. लई झ्याक वास हाय."

"मंग! सायबाची गाडी हाय ती." ज्ञानदेव समोर रस्त्याकडं बघून हसला. त्या दिवसातलं ते त्याचं एकच हसू.

शिरूरला उंबऱ्याबाहेर पूनम त्याच्या गळ्यात पडली. त्याचे वडील सांगायचे, कळपात शंभर पिल्लं असली तरी मेंढी आपलं पिल्लू वासावरून ओळखते, डोळ्यांवर विश्वास ठेवत नाही. त्यानं तिच्या केसांत नाक खुपसून खोल श्वास घेतला. काही नाही. त्यानं तिला सोडलं तेव्हा तिचा गजरा त्याच्या ध्यानात आला. सकाळी मनगटाएवढा जाड होता, आता त्यात नुसता दोरा आणि थोडी पानं राहिली होती. धावपळीत गळाला असेल.

पावणेसातला तो एकटा कासुर्डीत आला. मांडवात बन्सी वाट बघत होता. नाइट शिफ्ट संपली तरी पुढच्या पाळीचा माणूस न आल्यामुळं फर्स्ट शिफ्टही करावी लागली आणि बिचाऱ्याला लग्न गाठता आलं नव्हतं. तो हसत गाडीकडं आला, दार उघडलं, आणि त्याचा डावा हात आपसूक कानाकडं गेला.

ज्ञानदेव त्या हाताकडं बघत राहिला.

"काय हाय रं?"

"भाऊ, आत कायतरी मेलंय." बन्सीनं रुमाल तोंडावर बांधला. "हवेच्या जाळीतनं येतंय."

पाना घेऊन त्यानं डॅशबोर्डखालचा डबा खोलला. पंख्याच्या तोंडाशी, सुकलेल्या पाल्याच्या घरट्यात, उंदीर होता. बन्सीनं तो काडीनं कागदावर ओढला. "आठवडा तरी झाला आसंल. फुगून फुटलाय बगा."

"लई वास येतो?"

"उभं ऱ्हावंना, भाऊ."

"एसी फुल हुता," ज्ञानदेव म्हणाला. "काचा बंद. मीच म्हनलं, लाव." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाला, "दीड तास."

बन्सी खाली बघून पाना पुसत बसला. पुसून झाला तरी पुसत राहिला. "भाऊ, एक सांगू? पूनमला ठाव हाय. तुमच्या नाकाचं. दोन वर्सांमागं यवतच्या बाजारात गाठून तिनं मला इचारलं. म्हनली, काका, तुमी कंपनीत आण्णांच्या जवळच ऱ्हात जावा. घरचं मी बगते."

मांडवाचे खांब काढणारे लोक एकमेकांना हाका मारत होते. ज्ञानदेव उठला आणि मागचं दार उघडून घोंगडं काढायला वाकला. घोंगड्याच्या घडीत मोगऱ्याची फुलं होती. तीस-चाळीस तरी असतील. एकही आख्खं नव्हतं. सगळी हातानं चुरडलेली, काळपट पडलेली. काहींवर कुंकवाची बोटं उमटली होती.

तो आत बसला आणि त्यानं दार ओढून घेतलं. बन्सीनं बाहेरून काचेवर बोट वाजवलं. "भाऊ, भाईर या. आत बसू नगा."

ज्ञानदेवनं एकेक करून सगळी फुलं वेचली, उजव्या ओंजळीत घेतली आणि ती ओंजळ नाकातोंडावर धरून, पूनम बसली होती तिथं, बराच वेळ बसून राहिला.