कोऱ्या कापडाचा रंग

मी एक दुपंखी विमान बोलतोय. दचकू नका, वीतभरच आहे. खऱ्या विमानापेक्षा बत्तीस पट लहान. आकाश मी खिडकीतूनच पाहिलंय. माझं सगळं जग म्हणजे एक टेबल, त्यावरचे चार ब्रश आणि रंगाच्या बाटल्या. जे पाहिलं ते सांगतो. सावकाश सांगेन, मला घाई जमत नाही.

माझा जन्म कारखान्यातला. वितळलेलं प्लास्टिक लोखंडी साच्यात दाबलं आणि मी तुकड्या-तुकड्यांनी बाहेर पडलो. करडा, मुका, सुट्या भागांच्या जाळीला चिकटलेला. खोक्यावर मात्र माझं देखणं चित्र होतं. पातळ फळ्यांचं चकचकीत धड, आणि लाकडी फासळ्यांवर ताणून बसवलेल्या कोऱ्या कापडाचे पंख. चित्रात लाकूड आणि कापड, खोक्यात नुसतं प्लास्टिक. आमच्यासारख्यांचं नशीब रंगवणाऱ्याच्या हातात असतं.

एका मुलीने मला दुकानातून उचललं आणि आपल्या वडिलांपुढे नेऊन ठेवलं.

“हे काय आणलंस? खेळणं?”

“खेळणं नाही बाबा, मॉडेल आहे. यावर लाकूड रंगवायचं असतं. हुबेहूब.”

“जन्मभर लाकडाला रंग दिला. आता रंगाचं लाकूड करू?”

“भिंतीकडे बघत बसण्यापेक्षा बरं ना?”

बाबांनी खोकं टेबलाच्या कडेला सरकवलं. ते फर्निचरला पॉलिश करणारे कारागीर. चाळीस वर्षं एकाच दुकानात काम केलं, आणि चार महिन्यांपासून घरी होते. का होते, ते मला नंतर कळलं.

आठव्या दिवशी त्यांनी खोकं उघडलं. माझं धड नाकाशी धरून हुंगलं. “याला वासच नाही,” म्हणाले. पण खाली ठेवलं नाही.

आधी त्यांनी मला वाळूच्या रंगाचा हात दिला. तो दोन दिवस सुकू दिला. मग त्यावर तपकिरी तेलरंगाचा पातळ थर चढवला आणि कोरड्या ब्रशाने एकाच दिशेने ओढत नेला. ब्रशाच्या केसांनी लाकडाच्या रेषा उमटत गेल्या. मी मनातून हरखलो. त्यांना तर जुनं काम परत मिळाल्यासारखं झालं. रेषांना वळणं दिली, मध्ये दोन ठसठशीत गाठी काढल्या.

त्यांची बायको घरी पडदे आणि गाद्यांच्या खोळी शिवायची. तोंडात सुई धरूनच ती बघायला आली. सुई काढली आणि म्हणाली, “अहो, हे विमान आहे की पलंग?”

“का? काय झालं?”

“ही गाठ बघा केवढी. यात माणूस बसवला तर त्याचं डोकं गाठीपेक्षा लहान होईल.”

तिचं खरं होतं. त्यांच्या हाताला कपाटं आणि पलंगच ठाऊक. त्यांनी मला पलंगाचंच लाकूड दिलं होतं. बत्तीस पट लहान वस्तूला बत्तीस पट लहान रेषा लागतात, हे कुणी सांगायचं?

दिवसभर ते फुगून बसले. दुसऱ्या सकाळी मात्र खिडकीतून मला दिसलं, ते रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे होते आणि आपल्याच घराच्या खालच्या, फळ्यांच्या दाराकडे टक लावून बघत होते. येणारे-जाणारे त्यांना वळसा घालून जात होते. वर आले ते बोलतच.

“दुरून रेषा दिसतच नाहीत गं! एक फळी जराशी गडद, शेजारची जराशी फिकी. बस, एवढंच दिसतं.”

त्यांनी टर्पेंटाइनच्या चिंधीने मला पुसून काढलं आणि पुन्हा रंगवलं. या वेळी एकेक फळी वेगळी. शेजारच्या फळीला चिकटपट्टी लावून झाकायचं, एक रंगवायची, वाळू द्यायची, मग दुसरी. रेषा असतील-नसतील इतक्याच. पंधरा दिवस लागले. बायकोने माझ्या पाठीवरून बोट फिरवलं आणि चटकन मागे घेतलं. “कुसळ जाईल असं वाटलं,” म्हणाली. मला आजवर मिळालेली ती सगळ्यात मोठी शाबासकी.

मग पंख. इथे बायकोचा अधिकार. तिने मांजरपाटाचा, म्हणजे कोऱ्या सुती कापडाचा, तुकडा खिडकीत धरला आणि मागे लाकडी पट्टी लावली. “बघा. मागे लाकूड आहे तिथे कापड गडद दिसतं. बाकी ठिकाणी उजेड आरपार येतो. तुमच्या पंखातल्या फासळ्या अशाच दिसायला हव्यात.”

त्यांनी वरचा पंख घेतला. कोऱ्या कापडाचा रंग तयार केला, पंखभर दिला, आणि त्यावर फासळ्यांच्या केसासारख्या रेषा ओढल्या. एका अंतरावर, एका जाडीच्या. काम संपल्यावर त्यांनी पंख उजेडात धरला आणि कितीतरी दिवसांनी शीळ घातली.

बायको चहा घेऊन आली. तिने पंख पाहिला. कप ठेवला आणि काही न बोलता निघून गेली.

कारण पंख पांढराफटक होता. कोऱ्या कापडाला जो पिवळसर, सायीसारखा रंग असतो, त्याचा मागमूस नव्हता. दवाखान्यातल्या चादरीसारखा पांढरा. आणि ते आनंदात होते.

दोन दिवसांनी मुलगी आली, तेव्हा स्वयंपाकघरातलं बोलणं माझ्या कानावर पडलं. दुकानात एका गिऱ्हाइकाचं सायीच्या रंगाचं जुनं कपाट आलं होतं. त्याला दोन नवी दारं रंग जुळवून द्यायची होती. बाबांनी जुळवली. उजेडात नेली तर कपाट एकीकडे, दारं एकीकडे. मालक सगळ्यांदेखत म्हणाले, “तुमचा हात गेला आता. घरी आराम करा.” त्या दिवशी जे घरी आले ते बोलेनासेच झाले.

“अगं आई, डोळे दाखवा म्हणावं ना,” मुलगी म्हणाली.

“म्हटलं की! तर म्हणतात, पेपर वाचतो ना मी? डोळ्यांना काय धाड भरलीय?”

“मग पंखाचं सांग.”

“कशी सांगू? पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसले तर?”

पण बायकोने सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मांजरपाटाचा तुकडा आणि माझा पंख शेजारी शेजारी ठेवले, आणि खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसली.

“रंग सारखा आहे का, सांगा.”

“सारखाच आहे की.”

तिने पंख त्यांच्याकडे सरकवला. मग हलक्या आवाजात म्हणाली, “नाही हो.”

त्यांनी पंख उचलला, खिडकीपाशी नेला, परत आणला. “दुकानात पण हेच म्हणाले होते.”

“म्हणून म्हणते, डोळे दाखवू या.”

“डोळ्यांची भीती नाही मला.” त्यांनी पंख खाली ठेवला. “डॉक्टरने डोळे चांगले आहेत म्हणून सांगितलं तर? मग हातच गेला म्हणायचा ना. मग माझ्याजवळ काय उरलं?”

पाच महिने हे त्यांनी पोटात ठेवलं होतं. मला गाल असते तर ओले झाले असते.

बायकोने पंख त्यांच्यासमोर धरला. “रंग सोडा. या रेषा बघा. तीस वर्षं शिलाई मारतेय, सरळ रेष मला कळते. गेलेल्या हाताला अशा ओढता येतात का? उठा. शर्ट बदला.”

दोघंही गेले. दुपारी परतले तेव्हा जिन्यातूनच बाबांचं हसणं आणि तेच ते बोलणं ऐकू आलं.

“मोतीबिंदू! दोन्ही डोळ्यांत! डॉक्टर म्हणाला, पिवळ्या काचेतून बघितल्यासारखं दिसत असणार तुम्हाला. पांढरंही पिवळं दिसणार.”

“मोतीबिंदू झाला म्हणून इतका खूश होणारा माणूस मी पहिल्यांदा बघतेय,” बायको म्हणाली. पण चपला काढताना तिने पदराने डोळे टिपले, ते मी पाहिलं.

आधी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली, काळा चष्मा उतरला, आणि ते माझ्यापुढे येऊन बसले. वरचा पंख हातात घेतला. एक डोळा झाकला. मग दुसरा. पुन्हा पहिला.

“या डोळ्याने सायीसारखा. आणि या डोळ्याने… अरे देवा, हा तर चुन्यासारखा पांढरा! अगं, हे बघून तू तीन दिवस गप्प बसलीस?”

“मग काय करणार होते?”

ते हसता हसता रडायला लागले. बायको धावली. “अहो, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही म्हणालेत ना डॉक्टर!”

त्याच आठवड्यात ते दुकानात गेले. ती दोन दारं मागच्या खोलीत धूळ खात उभी होती. “ही माझ्या डोळ्यांनी बिघडवली, हाताने नाही,” असं त्यांनी मालकांना सांगितलं. “दुसऱ्या डोळ्याचं होऊ द्या. दुरुस्त करून देतो.” मालक म्हणे खाली बघत राहिले, आणि मग त्यांनीच खुर्ची पुढे केली.

आता माझी आजची अवस्था. दुसरा डोळाही झाला. माझा खालचा पंख रंगवून बसवलाय. तो इतका कापडासारखा दिसतो की मुलीने त्यावर फुंकर मारून बघितली. वरचा पंख तसाच राहू द्या, आठवण म्हणून, असं ती म्हणत होती. बाबांनी ऐकलं नाही. तो पंख घासून पुन्हा करडा केलाय. घासताना मला दुखलं नाही. कुणी समजून घासलं तर दुखत नाही.

पुढे मी एखाद्या फळीवर धूळ खात बसेन, हे मला माहीत आहे. त्याची तक्रार नाही. एकच मागणं आहे. तुमच्या घरात कुणी हातातलं काम टाकून एकाएकी गप्प झालं, तर त्याला खरं काय ते सांगा. पण खुर्ची जवळ ओढून सांगा. लांबून, चारचौघांत सांगू नका.

आता थांबतो. टेबलावर सकाळचं ऊन आलंय आणि बाबा झाकणात रंग कालवतायत, वरच्या पंखासाठी. बायको त्यांच्या खांद्यावरून वाकून बघतेय.

“झालं की. जुळला.”

ते मान हलवतात. “नाही. अजून थेंबभर पिवळा हवा.”

ती झाकणाकडे बघते, त्यांच्याकडे बघते, आणि पिवळ्या रंगाची बाटली उघडून त्यांच्या हातात देते.