शिडीच्या बुटांचे तळवे

माणसानं दुसऱ्याच्या घरी गेल्यावर आधी माणसांकडे बघावं, मग वस्तूंकडे. हा पारखी दारातून आत आला तो थेट कोपऱ्यातल्या बुटांपाशी जाऊन उकिडवा बसला. ना नमस्कार, ना कशा आहात. मी इस्त्री हातात धरून उभी, सून खुर्ची पुसतेय, आणि हा माझ्या नातीचा बूट उलटा करून उजेडात धरतोय. बैलाचे दात बघणारेसुद्धा आधी मालकाशी दोन शब्द बोलतात.

पारखी हे काही त्याचं नाव नव्हे. एका मोठ्या निवासी क्रीडा प्रशालेसाठी शाळाशाळांतून बास्केटबॉल खेळणाऱ्या मुली हेरत फिरायचं, हे त्याचं काम. म्हणून आम्हीच त्याला ते नाव दिलं. माझी नात दहावीत. सहा फुटांना दोन बोटं कमी. वर्गातल्या मुली तिला शिडी म्हणतात. मला ते आधी फार झोंबलं. मग म्हटलं, दुसऱ्यांनी चिडवण्यापेक्षा घरच्यांनी लाडानं म्हणावं, तर आता मीही शिडीच म्हणते.

सहा महिन्यांपूर्वी हा पहिल्यांदा आला तेव्हा शाळेच्या मैदानावर तिचा खेळ बघून खेळाच्या बाईंना माझ्यादेखत म्हणाला होता, "पोरगी चांगली आहे. हात लांब, डोकं थंड. पण उडी मारून खाली येते ती एकट्या डाव्या पायावर. असंच चाललं तर दोन वर्षांत गुडघा जाईल. सहा महिन्यांनी येतो. दोन पायांवर उतरायला शिकली असेल तर नेतो, नाहीतर नाही."

दहावीनंतर आमच्याकडे मुलींचा संघच नाही. त्यानं नेलं नाही तर शिडीचा खेळ तिथंच संपला.

तेव्हापासून सहा महिने रोज पहाटे उड्या. शाळेत बाईंसमोर बाकावरून, घरी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरून. मी आत इस्त्री करायची आणि कान जिन्याकडे. धप्प असा एकच आवाज आला तर दोन्ही पाय बरोबर टेकले. धप-धप असे दोन आले की मी आतून ओरडायची, "लंगडी!" बाहेरून उत्तर यायचं, "ऐकलं गं, म्हातारे!" पहिल्या महिन्यात माझा घसा बसला. तिसऱ्यात ओरडायची वेळ आठवड्यातून एखादी. पाचव्यात मला इस्त्री करताना नीट लक्ष देता यायला लागलं.

आणि मग मी माती खाल्ली.

तीस वर्षं लोकांचे कपडे इस्त्री करतेय. माझ्या घरातून चुरगळलेलं काही बाहेर जात नाही, आणि पाहुण्याच्या नजरेला मळकं, फाटकं पडत नाही. पारखी घरी येणार असा निरोप आला तसं मी घर खालपासून वरपर्यंत घासलं. शेवटी तिचे बूट हातात घेतले तर तळवे गुळगुळीत, टक्कल पडल्यासारखे. म्हटलं, असले बूट बघून तो काय म्हणेल? शिडी शाळेत होती. कुणाला न सांगता कोपऱ्यावरच्या बूटवाल्याकडे नेले आणि नवे तळवे बसवून आणले.

पारख्यानं तळव्यावरून अंगठा फिरवला. "हे नवे आहेत."

"हो," मी म्हटलं, आणि अजून मान ताठ होती माझी.

"जुने कुठायत?"

"जुने काय करायचेत तुम्हाला?"

आता कुठं त्यानं वर पाहिलं. "आजी, मी तळवेच बघायला आलो होतो. संध्याकाळी सामना आहे. माझ्यासमोर तासभर कुणीही सांभाळून उतरेल. तळवा सहा महिन्यांचं सांगतो. एकाच पायावर उतरत असेल तर तो बूट आधी झिजतो." मग त्यानं दाराशी दप्तर भरणाऱ्या शिडीकडे वळून विचारलं, "कुणी बदलले?"

माझी जीभ बारा हात लांब आहे, अख्खी गल्ली साक्ष देईल. नेमकी तेव्हा टाळूला चिकटली.

"मी," शिडी म्हणाली. "मीच बदलून आणले."

त्यानं खिशातून वही काढली आणि एक शब्द लिहिला. "लपवायचं असलं की पोरं तळवे बदलतात. हे मी आधीही पाहिलंय," असं म्हणून उठला. "संध्याकाळी येतो मैदानावर."

तो गेल्यावर सून मटकन खुर्चीवर बसली. मी शिडीचा दंड धरला. "खोटं का बोललीस गं?"

"तो तुला बोलला असता. तुला कुणी बोललेलं मला चालत नाही."

"मला बोलून कुणी धड घरी गेलंय का आजवर?"

"मग बोललीस का नाहीस?" ती म्हणाली, आणि दप्तर उचलून शाळेत गेली.

मी चपला अडकवल्या आणि बूटवाल्याकडे धावले. धावले म्हणजे माझ्या गुडघ्यांना जमेल तसं.

"जुने तळवे दे परवाचे."

"ते? अहो मावशी, त्यातून एका गृहस्थाच्या चपलांच्या टाचा काढल्या. उरलेलं कचऱ्याच्या गाडीत गेलं."

"झिजले कसे होते ते तरी आठवतं का?"

"आठवतं म्हणजे? तुम्हाला दाखवलं होतं की! दोन्ही अगदी सारखे झिजलेले, म्हटलं असं क्वचित बघायला मिळतं. तर तुम्ही म्हणालात, तोंड बंद ठेव आणि हात चालव."

म्हणाले होते. मला माझा आवाजसुद्धा आठवला.

"चल माझ्याबरोबर. हेच त्या माणसाला सांग."

"येतो हो. पण मी तुमच्या शेजारचा. माझं बोलणं खरं कोण धरणार?" मग हातोडी खाली ठेवून म्हणाला, "आणि हे बघा, नवं रबर आहे. दोनतीन दिवस घसरतं. पोरीला जपून खेळायला सांगा."

हे त्यानं परवा सांगायचं. पण परवा मी त्याला तोंड उघडू दिलं होतं कुठं?

शिडीकडे खेळायचे दुसरे बूट नव्हते. सामन्याआधी मी तिला गाठून सांगितलं, बूट घसरतात. तिनं मान हलवली आणि तळवे ओल्या फडक्यावर घासून घेतले. सून माझ्या शेजारी बसली आणि माझी बोटं इतकी दाबली की रात्रीपर्यंत वळ होते. पारखी समोरच्या बाजूला अगदी वरच्या बाकावर, एकटा.

सामना आम्ही जिंकलो हे मला सुनेनं घरी आल्यावर सांगितलं. मी फक्त पाय बघत होते. चेंडू कुठं, जाळी कुठं, मला काही पत्ता नव्हता. पाय वर गेले की माझा श्वास वर, पाय टेकले की खाली. पहिल्या अर्ध्यात सगळ्या वेळा दोन्ही. एकदा पळताना सर्रकन घसरली, हातावर पडली, उठली. "आई, श्वास घ्या," सून म्हणाली. "तू घे आधी," मी म्हटलं.

शेवटचा डाव चालू होता. जाळीच्या कड्याला लागून चेंडू उडाला, तीन मुली एकदम वर गेल्या. एकीचं कोपर शिडीच्या बरगडीत बसलं आणि ती वाकडी खाली आली. डावा पाय. एकटा. गुडघा आत मुडपला आणि ती तिथंच बसली.

सून उभी राहिली. समोर पारख्याची मान वहीत गेलेली दिसली.

शिडी उठली. पाय झटकला, दोन पावलं टाकली आणि खेळायला लागली. त्यानंतर ती चार वेळा उडाली. मी चार वेळा मेले.

शिट्टी वाजली तशी मी पायऱ्या उतरले, मैदानाच्या कडेनं गेले आणि त्याच्या बाजूच्या पायऱ्या चढले. मध्ये दोनदा थांबावं लागलं. तो वही बंद करत होता.

"थांबा," मी म्हटलं. "सकाळी काय लिहिलंत?"

त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पान उघडलं. "'लपवते.'"

"खोडा ते. तळवे मी बदलले. तिला विचारलंही नव्हतं. झिजलेले बूट पाहुण्यापुढे ठेवायची मला लाज वाटली. आणि दोन्ही सारखेच झिजले होते. बूटवाल्यानं दाखवले होते मला, तुम्ही माना नाहीतर मानू नका."

"मग सकाळी गप्प का बसलात?"

"तीही लाजच. दुसरं काय असणार?"

तो पेन बोटांत फिरवत राहिला. "शेवटी एका पायावर आली."

"आली. मी आंधळी नाही. धक्का लागला होता."

"धक्का लागल्यावरच कळतं, आजी, शिकलेलं अंगात मुरलंय की नाही."

"बरं. मग त्या धक्क्यानंतर चारदा उडाली, तेव्हा काय दिसलं?"

त्यानं पान उलटलं, बोट ठेवून पाहिलं. "चारही वेळा दोन पाय." मग तो म्हणाला, "गुडघा दुखतो का तिचा? खरं सांगा."

"आजपर्यंत नाही. आजचं मला अजून माहीत नाही."

हे ऐकून त्यानं तो सकाळचा शब्द खोडला, एकदा नाही, दोनदा रेघ मारून. "महिनाअखेरीस पंधरा दिवसांसाठी पाठवा. आमचे डॉक्टर गुडघा बघतील, आम्ही रोजचा खेळ बघू. मग पक्कं काय ते ठरेल. आत्ता हो म्हणत नाही."

पंधरा दिवस! म्हणजे पंधरा दिवस जिना गप्प, आणि मी इथं इस्त्री घेऊन बसायचं. खाली शिडी बाकावर बसून डाव्या बुटाची नाडी सोडत होती, आणि वर बघायचं टाळत होती.

"आणि एक सांगू का, आजी?" वही खिशात घालत पारखी म्हणाला. "आज तिची संधी हुकली असती तर तुमच्यामुळे हुकली असती."

"माझ्यामुळे, कबूल," मी म्हटलं. "आता तुमचं ऐका. सकाळी पोरगी आजीला वाचवायला खोटं बोलली, कान लालबुंद झाले होते तिचे, आणि तुम्ही वहीत बघत होता. पाय तुम्हाला कळतात, तोंडं कळत नाहीत. ती तुमच्याकडे येईल तेव्हा रोज तिच्या तोंडाकडे बघत जा, कारण दुखलं तर ती सांगणार नाही, आणि ऐकायला तिथं मी नसेन. निम्मी पारख येते तुम्हाला. काठावर पास."