विलासचं केळं-दही

फळं ही आजारी माणसानं खायची गोष्ट, असं विलास ओव्हाळचं ठाम मत होतं. उमेदीची सगळी वर्षं त्यानं चाकणच्या एका फोर्जिंग कंपनीत तापलं लोखंड ठोकणाऱ्या हॅमरवर काढली. त्या धडधडाटात बोलून बोलून आवाज एवढा चढलेला, की घरात चहा मागितला तरी शेजारच्या बिऱ्हाडाला कळायचं. कस्तुरानं डब्यात कधी एखादं केळं ठेवलंच, तर तो ते कंपनीच्या बसमध्ये कुणाच्या तरी हातात कोंबायचा आणि घरी आल्यावर म्हणायचा, "मी काय दवाखान्यात ॲडमिट आहे का?" रविवारी मटण मात्र स्वतः जाऊन आणायचा. कुठला तुकडा घातला नि कुठला नाही यावरून खाटकाशी हुज्जत घालायचा आणि जेवून उठताना ताटात हाडांशिवाय काही उरू द्यायचा नाही.

अशा माणसाची जीभ जड व्हायला लागली.

आधी फक्त कस्तुराला कळलं. 'भाकरी' म्हणताना 'र' कुठेतरी सांडायचा. मग सगळ्यांनाच कळलं, पण भलतंच. ओव्हाळ प्यायला लागलाय, अशी कुजबुज खात्यात सुरू झाली. एक दिवस सुपरवायझरनं त्याला गेटवरच उभं केलं, तोंडाचा वास घेतला, आणि वास आला नाही तरी घरी पाठवलं. आयुष्यात थेंबाला न शिवलेला विलास त्या दुपारी संत तुकाराम नगरातल्या आपल्या घरी पायरीवर बसून राहिला. कस्तुरानं आत या म्हटलं तरी येईना.

तपासण्या झाल्या, एका डॉक्टरनं दुसऱ्याकडं पाठवलं. शेवटी मेंदूच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं. ते इंग्रजी नाव कस्तुराच्या ध्यानात राहिलं नाही. मुलगी रश्मी वाकडला सॉफ्टवेअर कंपनीत होती, तिथंच नवऱ्याबरोबर राहायची. ती सुट्टी काढून आली होती, तिनं रिक्षात समजावून सांगितलं. स्नायूंना हुकूम देणाऱ्या शिरा एकेक करून मरत जातात. आधी जीभ, गळा, मग हात, मान, शेवटी श्वास. डोकं मात्र अखेरपर्यंत शाबूत राहतं.

"मग बरं कधी वाटेल म्हणाले?" कस्तुरानं विचारलं.

दोघींच्या मधे बसलेल्या विलासनं कस्तुराच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दोनदा थोपटलं. त्याला आत डॉक्टरांसमोरच कळलं होतं.

भाकरी गेली, मग भात गेला. मग साधं पाणीही घशाखाली उतरताना वाट चुकायला लागलं. मऊ काहीतरी म्हणून कस्तुरानं शिकरण करून दिली. पहिल्याच घोटाला त्याला असा ठसका लागला, की चेहरा काळानिळा पडला. दवाखान्यात आहाराचं बघणाऱ्या बाईंनी ते ऐकून कपाळाला हात लावला.

"दूध नाही, दही. पातळ चालणारच नाही. पातळ पदार्थ धावतो, त्याला घशानं आवरावं लागतं, आणि यांच्या घशाला आता ते जमत नाही. चमचा उलटा केला तर थबकून पडलं पाहिजे, एवढं घट्ट करा. बिया नकोत, धागे नकोत, साली नकोत."

केळं-दही असं घरात आलं. रश्मी त्याला स्मूदी म्हणायची. तिनं फोनवर दोन-चार व्हिडिओ शोधून आईला दाखवले. सगळ्यांत उंच काचेचे ग्लास होते, वरून पुदिन्याचं पान.

विलासची आई सोजराबाई खाटेवरून हे सगळं ऐकत होती. तिला डोळ्यांनी फारसं दिसत नव्हतं, पण कान तिखट होते. "केळं आन दही? कफ व्हईल की गं त्येला."

"आजी, वाकडला मॉलमध्ये लोक रांग लावून पितात हे."

"पिऊ द्या. त्यांच्या छातीत जागा आसंल."

कस्तुरा मात्र हट्टाला पेटली. संध्याकाळी विरजण लावायचं, सकाळी ते दही फडक्यात बांधून नळाला टांगायचं, पाणी निथळलं की चक्क्याच्या अलीकडंच काढायचं. केळं सालीवर काळे ठिपके आलेलंच घ्यायचं, कच्चट केळं गुठळ्या धरतं. चिकू चांगला, पण सालीचा कण राहता कामा नये. पपई पाणी सोडते, म्हणून अगदी थोडी. खजूर भिजवून, साल काढून, चाळणीवर घासून. मिक्सर थांबवत थांबवत फिरवायचा, सलग फिरवला की दही पातळ होतं. मग चमचा भरून उलटा करायचा आणि बघायचं. पडलं नाही तर दोन फिरक्या आणखी, पटकन पडलं तर अर्धं केळं आणखी.

पहिला चमचा घेतल्यावर विलासनं तोंड वाकडं केलं.

"मटण समजा आणि गिळा," कस्तुरा म्हणाली.

तो हसला. हसू सुरू झालं ते थांबेचना. या आजारात हसण्या-रडण्याचाही लगाम सुटतो, हे तिला तेव्हा ठाऊक नव्हतं. तो हसत राहिला, खांदे गदगदत राहिले, आणि बघता बघता त्याच हसण्याचं रडं झालं. ती वाटी हातात धरून उभी राहिली. रडं ओसरल्यावर त्यानं आपणहून तोंड उघडलं. त्या दिवशी वाटी संपली.

पुढं बरे दिवस आले, म्हणजे वाईट व्हायचं जरा थांबलं. हनुवटी छातीशी टेकवून गिळायचं, हे तो शिकला. मनात नसलं की ओठ घट्ट मिटून घ्यायचा. मग कस्तुरा कितीही "एवढा एक, माझ्यासाठी" म्हणाली तरी उपयोग नसायचा. वाटी बाजूला ठेवावीच लागायची. कधी चिडून ती म्हणायची, "गिळायची ताकद नाही, पण अडून बसायची बरी आहे!" तो भुवया उंचावायचा. तेव्हा तो अगदी पूर्वीचा विलास दिसायचा, आणि तिचा राग पळून जायचा.

दवाखान्यातल्या काट्यावर वजन मागच्या खेपेइतकंच भरलं. डॉक्टर म्हणाले, "छान सांभाळलंय तुम्ही." घरी जाताना कस्तुरानं रिक्षा पिंपरीच्या मंडईशी थांबवली आणि विलासला आतच बसवून ढीगभर चिकू घेतले. भाव करायचंही तिला सुचलं नाही. तिला वाटलं, असंच ठेवता येईल. बरा नाही झाला तरी चालेल, असाच राहिला तरी चालेल.

पण तो तसा राहणार नव्हता. पावसाळ्यापर्यंत हात गेले, मान कलंडायला लागली. एक वाटी संपायला अर्धी सकाळ जायची, आणि तेवढ्यानंच तो मजुरी करून आल्यासारखा दमायचा. डॉक्टरांनी पोटात नळी बसवायचं काढलं. श्वास आणखी कमी व्हायच्या आत बसवलेली बरी, म्हणाले.

विलासचं एक बोट तेवढं अजून हलत होतं. रश्मीनं त्याच्यापुढं मोबाईल धरला. एकेका अक्षरावर थांबत, घाम पुसून घेत त्यानं लिहिलं : *नळी नको. तोंडाने जाईल तेवढंच.*

"पप्पा, विचार करा जरा."

त्यानं तेच वाक्य बोटानं पुन्हा दाखवलं. रश्मीनं आईकडं बघितलं. कस्तुरानं मान हलवली. त्याचं म्हणणं तिनं त्या वेळी मान्य केलं, हे दोघांनीही बघितलं होतं.

त्यानंतरच्याच आठवड्यात तिनं केळं-दही पातळ केलं. मुद्दाम केलं. एकेक चमचा उतरवताना त्याच्या कपाळाच्या शिरा फुगत होत्या, ते तिला बघवत नव्हतं. जरासं सैल केलं तर सोपं जाईल, एवढंच तिच्या मनात आलं. दोन चमचे ताक घातलं. पहिले घास खरोखरच सोपे गेले. विलासच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला, आणि तिनं हावरटासारखा पुढचा चमचा भरून दिला. तो घास धावला. ठसका द्यायचीही ताकद त्याच्यात उरली नव्हती. नुसता घरघर आवाज आला आणि डोळे मोठे झाले.

ताप चढला, छाती भरली. दवाखान्यात ऑक्सिजन लावून तो निपचित पडला होता. बाहेर बाकावर कस्तुरा डॉक्टरांना म्हणाली, "मी पातळ केलं हो. माझ्या हातनं झालं."

"ताई, आज नाही तर पुढच्या महिन्यात झालंच असतं," डॉक्टर म्हणाले. "आता तोंडानं काही देता येणार नाही. नळी बसवायची का, तेवढं सांगा."

रश्मी हळूच म्हणाली, "आई, पप्पांनी नको म्हटलं होतं."

"माहितीये मला काय म्हटलं होतं ते. मग काय उपाशी मारू?" कस्तुराचा आवाज एवढा चढला की समोरची माणसं बघायला लागली. मग ती डॉक्टरांना म्हणाली, "बसवा."

विलास वाचला. घरी आला तेव्हा सदऱ्याखाली पोटावर बोटाएवढी नळी होती, तिला टोपण होतं. मिक्सर पुन्हा सुरू झाला, पण आता सगळं उलटं. आता घट्ट चालणार नव्हतं. तेच दही, तेच केळं, पण पाणी घालून, मलमलच्या फडक्यातून गाळून, नळीत अडकणार नाही असं. चव कशी झालीय हे विचारायचं कारण उरलं नव्हतं. तरी पहिल्या दिवशी तिचा हात सवयीनं वेलदोड्याच्या डबीकडं गेला. डबी उघडली, मग झाकण लावून तिनं ती फळीवर ठेवली.

उशाशी उशा रचून त्याला अर्धवट बसवायचं. नळीला मोठी सिरिंज जोडायची, त्यात ओतायचं, हात उंच धरायचा. केळं-दही आपोआप खाली उतरायचं. सकाळ खाणारं काम चहा गाळण्याइतक्या वेळात व्हायला लागलं. वजन वाढलं. तपासायला आलेल्या नर्सनं कौतुक केलं. रश्मी फोनवर म्हणाली, "आई, बघ, बरंच झालं ना?" कस्तुरा म्हणाली, "हो, बरंच झालं."

आता विलासची नजर आणि पापण्या तेवढ्याच त्याच्या ताब्यात होत्या. पापणी एकदा मिटली म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही.

एका दुपारी ती पातेलं घेऊन आली, तशी त्यानं नजर भिंतीकडं वळवली. तिला वाटलं, ऊन डोळ्यांवर येतंय. पडदा ओढून ती परत आली. नजर तिथंच होती.

"अहो, काय झालं? दुखतंय?"

दोनदा.

"भूक नाही?"

त्यानं पापणी हलवलीच नाही. नुसता तिच्याकडं बघत राहिला. ती सिरिंज जोडता जोडता थांबली.

"हे नको म्हणताय?"

एकदा.

"आत्तापुरतं?"

दोनदा.

पुढचा प्रश्न विचारू नये, असं तिला आतून वाटत होतं. पण तो वाट बघत होता. तिच्याखेरीज ते कुणी विचारणार नव्हतं.

"कायमचं?"

पापणी एकदा मिटली. सावकाश मिटली आणि सावकाश उघडली, चुकून मिटली असं तिला म्हणता येऊ नये म्हणून.

पातेलं तिच्या हातात होतं. आता त्याला ओठ मिटता येत नव्हते, आणि मिटले असते तरी उपयोग नव्हता. अन्नाची वाट तोंडावरून जातच नव्हती. हातानं ढकलता येत नव्हतं, मान फिरवता येत नव्हती. त्याचा नकार त्या एका पापणीत उरला होता. ती बघायची की नाही, हे सगळं कस्तुराच्या हातात होतं. नळी बसवा म्हणताना हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"मला नाही जमायचं हो," ती म्हणाली. "मी तुमच्यासमोर जेवायची आणि तुम्ही... नाही जमायचं मला."

तिनं सिरिंजमध्ये ओतलं आणि हात उंच धरला. पांढरट पिवळं केळं-दही काचेवरून पाणी उतरावं तसं उतरत गेलं. तो रडला असता तर तिला सोपं गेलं असतं. तो रडला नाही. त्यानं डोळे मिटून घेतले आणि ती नळी धुऊन, टोपण लावून, सदरा नीट करून होईपर्यंत उघडले नाहीत.

तेव्हापासून रोज असंच होतं. मिक्सरचा आवाज झाला की विलास डोळे मिटतो. ती समोर असेपर्यंत मिटलेलेच ठेवतो. मग ती त्याला काही विचारू शकत नाही, आणि तो काही सांगू शकत नाही. रश्मीला तिनं यातलं काही सांगितलेलं नाही. रश्मी दर रविवारी येताना फळं घेऊन येते, हल्ली किवीसुद्धा आणते. कस्तुरा ती धुऊन, पुसून टोपलीत लावते.

काल ती पातेलं घेऊन स्वयंपाकघराकडं निघाली, तेव्हा सोजराबाईनं खाटेवरून आवाज ओळखून विचारलं, "घेतलं का गं त्यानं?"

"घेतलं, आत्याबाई."

"समदं?"

"हो. सगळं."

"न्हाई म्हणला न्हाई ना?"

कस्तुरानं नळ सोडला. पाण्याच्या आवाजात आपल्याला ऐकूच आलं नाही असं म्हातारीला वाटावं म्हणून तिनं तो आणखी मोठा केला, आणि पातेलं घासत राहिली.