परत फिरू नका

माझा थोरला भाऊ सोनाउल्ला कागदांसाठी गेला. बुडाला असं मी म्हणत नाही, कारण त्याला बुडताना कुणी पाहिलं नाही.

आषाढातली दुपार होती. ब्रह्मपुत्रेनं आमच्या वाळूच्या बेटाचा पूर्वेकडचा काठ खायला घेतला होता. सकाळी बांबूचं बन गेलं, दुपारी मशिदीचं अंगण. कदबानूभाभी, तिची मुलगी राहेला, दोन शेळ्या, तांदळाचं पोतं असं सगळं माझ्या होडीत चढलं, आणि भाऊ कपाळावर हात मारून म्हणाला, "ट्रंक राहिली!"

भाभी म्हणाली, "राहू द्या."

"राहू द्या कशी? बाबांचं नाव असलेली जुनी मतदारयादी आहे तिच्यात. राहेलाचा दाखला आहे. उद्या साहेबानं विचारलं, तुम्ही इथलेच कशावरून, तर काय शेळ्या दाखवायच्या?"

हसत हसतच गेला. तो घरात शिरला ते आम्ही पाहिलं, होड्या भरणाऱ्या शेजाऱ्यांनीही पाहिलं. मग घरच दिसेना. जमीन धाडकन कोसळली नाही. म्हैस बसते तशी सावकाश बसली.

चौथ्या दिवशी दोन कोसांवरच्या मासेमारांना ट्रंक सापडली, वेतात अडकलेली. भाभीनं कागद खताच्या पिशवीत गुंडाळून, वर मेण ओतून तोंड बंद केलं होतं. एक अक्षर पुसलं नव्हतं. इतके दिवस न रडलेली भाभी तेव्हा रडली. "कोरडे आहेत रे तोराब," ती मला म्हणाली. "हात लावून बघ, अगदी कोरडे."

सव्वा वर्षानं भावाच्या नावानं नोटीस आली. जातीनं हजर राहा, या देशाचे आहात ते सिद्ध करा. भाभीला घेऊन मी शहरातल्या कचेरीत गेलो. शिपायानं तीनदा पुकारा केला, "सोनाउल्ला शेख हाजिर?" तिसऱ्या वेळी भाभीनं वळून दाराकडे पाहिलं. मीही पाहिलं. दारात कुणी नव्हतं. पायरीवर ओली पावलं होती, पण बाहेर पाऊस होता, सगळ्यांचेच पाय ओले होते.

आतल्या कारकुनानं एकेक कागद उलटून पाहिला. माणूस वाईट नव्हता. "माणूस कुठंय?"

"नदीत."

"मृत्यूचा दाखला?"

"देहच नाही सापडला साहेब. दाखला कोण देणार?"

त्यानं कागद नीट जुळवून परत भाभीपुढे ठेवले. "बाई, कागद सगळे चोख आहेत हो. फक्त माणूस आणा."

त्या दिवसापासून भाभीला हाक ऐकू यायला लागली. काठ ढासळायचा आवाज आला की मागोमाग भावाचा आवाज, "ट्रंक राहिली!" भाभी हातातलं काम टाकून उठायची. मला काही ऐकू येत नाही, असं मी सगळ्यांना सांगतो.

फाल्गुनात नदी उतरली तेव्हा तिनं घरोघर फिरायला सुरुवात केली. अस्सल कागद मेणानं बंद करून तिच्याकडे द्यायचे, ते पलीकडच्या उंच काठावर तिच्या मावशीच्या, फुलजानखालाच्या पक्क्या घरात ठेवायचे. नकला शहरातून काढून आणायच्या, एक संच घरात, एक लग्न झालेल्या लेकीच्या सासरी. कुणाचं काय कुठे आहे, ते राहेला वहीत लिहायची. आणि निघताना भाभी प्रत्येकाकडून कबूल करून घ्यायची, पाणी आलं की कागदासाठी परत फिरायचं नाही.

लोक तिला घाबरायचे. हातेम मुन्शींनी तर तिला पाहून दार लावून घेतलं. "कदबानूच्या मागोमाग तो येतो," ते आतून ओरडले. "माझ्या ओट्यावर ओली माणसं नकोत!"

भाभी दाराबाहेरून शांतपणे म्हणाली, "चाचा, तो माझ्या मागं नाही येत. जिथं कागद आहेत तिथं येतो. तुमचे घरातच आहेत ना?"

सूर्य मावळायच्या आत मुन्शी स्वतः आले, कागद लुंगीत बांधून.

भाद्रपदात पाणी आलं, सकाळी, लोक भात शिजवत असताना. एकेचाळीस घरं दोन तासांत रिकामी झाली. कुणी मागं फिरलं नाही. मुन्शी एकदा सवयीनं वळले, तर त्यांच्या म्हातारीनं त्यांची लुंगी धरली. "आता काय राहिलं? दात? ते तर गेल्या साली पडले." त्या गोंधळातही लोक हसले.

शेवटच्या फेरीला भाभी चढली. मी बांबू टेकवला आणि तिच्या नव्या घरामागचा काठ ढासळला. ती ताडकन उठली. तोंडाचा रंग उडालेला. "आले, आले," म्हणत तिनं एक पाय होडीबाहेर टाकला. राहेलानं तिच्या कमरेला मिठी मारली.

"अम्मा, घरात काही नाही!"

भाभी तशीच उभी राहिली, एक पाय पाण्यात. मग घराकडे बघून मोठ्यानं ओरडली, "अहो, ट्रंक नाही तिथं! सगळं फुलजानखालाकडे नेलंय. तुम्ही कशाला थांबलात? या आता."

होडीत बसलेल्या मुन्शींच्या ओठांत दुवा चालली होती. मग त्यांनी गुडघे जवळ घेतले आणि बाजूला सरकून एका माणसापुरती जागा केली.

मी थांबलो. किती वेळ, ते आठवत नाही. भाभी खाली बसली तेव्हा बांबू रेटला. होडी जड गेली. प्रवाहही उलटा होता.

पुढं हिवाळ्यात गावबुढ्यासमोर, म्हणजे सरकारनं नेमलेल्या गावच्या मुखियासमोर, एकेचाळीस घरांनी साक्ष दिली, की सोनाउल्लाला आम्ही त्या घरात शिरताना पाहिलं आणि बाहेर येताना पाहिलं नाही. अंगठे उमटले, सह्या झाल्या. दाखला अजून हातात आलेला नाही. येईल म्हणतात.

हाक मात्र त्या सकाळपासून बंद आहे. काठ ढासळतो तेव्हा भाभी काम थांबवते, मान वाकडी करून ऐकते. काहीच येत नाही. मग कितीतरी वेळ ती तशीच बसून असते, आणि चुलीवरचा भात करपतो.