दुर्बिणीच्या कपाळी काजळ

दिवाळीला तीन दिवस उरले होते. उद्यापासून फटाक्यांचा धूर, मग माधवगंजावरचं आभाळ पंधरा दिवस गढूळ. म्हणजे कंकण तेजोमेघाचा, विझत चाललेल्या ताऱ्याभोवतीच्या त्या वायूच्या कड्याचा फोटो आज रात्रीच मिळायला हवा होता. फूलबागेतल्या प्रदर्शनात एक जागा रिकामी होती. खगोल मंडळाच्या कृष्णरावांनी सकाळपर्यंतची मुदत दिली होती, नाहीतर तिथं मंडळातल्याच मोहितचा चंद्राचा फोटो लागणार. चंद्र काय, कोणीही काढतं! सिमू झाल्यापासून नऊ महिन्यांत माझ्या हातून दुधाच्या बाटल्या उकळण्यापलीकडे काही पार पडलं नव्हतं.

सिमू आठला झोपली. नाकाशी बोट धरून मी तीनदा तिचा श्वास तपासला, सासूबाईंना गच्चीला लागूनच्या खोलीत तिच्याजवळ बसवलं आणि बाहेर येऊन दुर्बिणीचं झाकण काढलं.

काचेच्या मधोमध हरभऱ्याएवढा काळा ठिपका!

"आई!" मी दबक्या आवाजात ओरडले. हे मूल झाल्यावरच जमतं.

आई दारात आल्या. "शेजारची गरिमा दुर्बिणीकडे बघून दुपारभर विचारत होती, कितने की आई, केवढ्याला पडली. मला ते लक्षण बरं दिसेना. सिमूला तीट लावली, तशी हिलाही लावली."

"काचेवर?"

"मग तीट काय पाठीवर लावतात? वर तोंड करते तेच हिचं कपाळ ना?"

मी ओढणीचं टोक हातात घेतलं, पण पुसायची हिंमत होईना. कृष्णरावांना फोन लावला.

"पुसायचं नाही!" ते जवळजवळ किंचाळलेच. "तेलाचं काजळ, सगळ्या काचेला माखेल. रहने दो."

"पण फोटोत डाग येईल ना?"

"कसा येईल? चष्म्यावर धुळीचा कण असला तर चंद्रावर डाग दिसतो का? उजेड जरासा कमी पडेल, बस."

एम.एस्सी.च्या पेपरात हेच मी लिहून आले होते. पण पेपरातल्या काचेला काजळ नव्हतं.

अभिजित ताऱ्याच्या खाली नेम धरला. एकेका मिनिटाचे चाळीस फोटो. लॅपटॉप ते एकावर एक रचून त्यांचा एक करतो. मधल्या वेळात मी अकरा वेळा सिमूचा श्वास बघून आले, दुर्बीण हलू नये म्हणून चवड्यांवर, चोरासारखी.

सव्वानऊला पडद्यावर चित्र उमटलं. हिरवट-तांबूस कडं आणि मध्ये अंधार.

"दिसली!" आईंनी टाळी वाजवली. "माझी तीट!"

कडं मध्ये पोकळ असतं हे मला ठाऊक होतं. पण ही पोकळी ताऱ्याची की काजळाची? चित्र मोठं केलं. आणखी मोठं. अंधाराच्या अगदी मध्यावर सुईच्या टोकाएवढा पांढरा कण होता.

"तारा!" मी पडद्यावर बोट ठेवलं. "म्हातारा झाला, अंगावरचं सगळं बाहेर टाकलं, तेच हे कडं. तीट मध्ये आली असती तर हा दिसलाच नसता, आई."

आई वाकून बघत राहिल्या. "म्हणजे इतकी नीट लावलेली वाया गेली?"

फोटो पाठवला. दोन मिनिटांत कृष्णरावांचा मेसेज: "बीच का तारा भी आ गया! जागा तुमची. खाली नाव काय छापू?"

तेवढ्यात आत सिमू रडली. मी उठले तर आईंनी खांदा दाबून खाली बसवलं.

"तिला मी बघते. तू आधी नाव लिही. आणि पूर्ण लिही."

मी पूर्ण लिहिलं. दोन्ही आडनावांसकट.