आगंतुक स्फटिक

औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत वयाने आणि पगाराने सगळ्यांत लहान, म्हणून तिला सगळे धाकटी म्हणत. तिच्या हंगामी नोकरीची मुदत संपत आली होती. कायम करायचं की नारळ द्यायचा, हे साहेब महिनाअखेरीस ठरवणार होते. आणि नेमकी तेव्हाच तिने ही भानगड करून ठेवली.

खरं तर तिने काही केलंच नव्हतं. औषधाचं गरम द्रावण थंड व्हायला ठेवायचं आणि चपटे स्फटिक पडेपर्यंत हात न लावता थांबायचं, एवढंच काम. पण ती ज्या लहानशा कॉलेजातून आली होती, तिथे थांबायची चैन कुणाला? एका बर्नरभोवती चार पोरं, आणि तास संपतोय तोच पुढची तुकडी दारात. स्फटिक पडेनात की रसायनाचे सर म्हणायचे, "काचेची कांडी घ्या आणि भांडं आतून खरवडा. येत कसे नाहीत बघू." आणि यायचे. त्या दिवशीही द्रावण ढिम्म बसलं होतं. सवयीने तिच्या हातात कांडी आली आणि भांडं खरवडलं गेलं. स्फटिक आले भरभरून, पण सुयांसारखे.

"यात काय पडलं?" तिच्या वरच्या मॅडमनी विचारलं.

"काही नाही, मॅडम. फक्त खरवडलं."

तपासणीत माल शंभर नंबरी निघाला. तेच औषध, अगदी शुद्ध. फक्त ते पाण्यात धड विरघळेना, म्हणजे गोळी पोटात जाऊन नुसती बसून राहणार. मॅडमनी कांडी न लावता स्वतः नव्याने केलं. सुयाच आल्या. भांडी बदलली, टेबल बदललं, तरी सुया. धाकटीने जिथे कधी पाऊल ठेवलं नव्हतं त्या पलीकडच्या इमारतीतही सुया. वर्षानुवर्षं मुकाट्याने येणारे चपटे स्फटिक जे रुसले ते रुसलेच.

मॅडमचं म्हणणं, सुयांचा कण हवेतून, कपड्यांवरून सगळीकडे पोचला असणार, आणि बाकीच्या द्रावणाला सुयांचंच वळण लावायला असा एक कण पुरतो. असेलही. धाकटीचं मात्र डोकं चालेना. चूक म्हणावी तर माफी मागता आली असती, शोध म्हणावा तर मिरवता आलं असतं. हे नक्की होतं काय? तिला रडू यायचं, आणि कशाचं ते कळायचं नाही.

महिनाअखेरीस साहेबांनी बोलावलं.

"तुला घरी पाठवावं असं मनात होतं," ते म्हणाले. "पण मग हे निस्तरणार कोण? असं का झालं ते शोधून काढ. आता तेच तुझं संशोधन. कायम केलंय तुला."

"म्हणजे चांगलं झालं का, साहेब?"

"ते मलाही कळत नाहीये."

बाहेर येऊन तिने कॉलेजातल्या सरांना फोन लावला आणि घडलं ते सगळं सांगितलं.

"सर, खरवडल्यावर स्फटिक का येतात हो?"

"ओरखड्यावर त्यांना बूड टेकायला जागा मिळते, असं पुस्तकात आहे. मी तेच सांगत आलो."

"मग हे वेगळेच का आले?"

"ते मला नाही माहीत, बाळ. तास संपवायच्या घाईत कुणी विचारलंच नाही. मीही नाही." मग सर जरा चाचरत म्हणाले, "तुला कळलं तर मला सांगशील?"

सरांनी तिला आजवर ढीगभर प्रश्न विचारले होते. त्यांना स्वतःला उत्तर ठाऊक नाही असा हा पहिलाच. ती "हो" म्हणाली आणि फोन ठेवून पुन्हा काचेची कांडी शोधायला आत गेली.