ज्या दुपारी माझी शिटी बंद केली

मित्रांनो, मी एक जुना डीप फ्रीजर आहे. आइस्क्रीम शोधू नका. माझ्या पोटात आजारी मुलांच्या रक्ताच्या बोटभर नळ्या असत. माझी गोष्ट ऐकण्याजोगी आहे की नाही, कोण जाणे. तरी सांगतो.

लहान मुलांच्या अतिदक्षता विभागाला लागून असलेल्या प्रयोगशाळेत मी आलो, तेव्हा पांढराशुभ्र होतो. तिथल्या डॉक्टर बाई दिवसभर वॉर्डात असत आणि उरलेला वेळ माझ्यापाशी. काही मुलांच्या शरीरातले रक्षकच शरीरावर उलटतात. ते का, हे त्या शोधत होत्या. "हा माझा पहारेकरी," असे त्या पाहुण्यांना सांगत, आणि मी सुखाने आणखी गार होई.

पुढे दाराचे रबर झिजले. बर्फ साचून दार नीट लागेना. मी वरचेवर शिटी वाजवू लागलो.

"डॉक्टर, म्हातारा पुन्हा कुरकुरतोय," तंत्रज्ञ मावशी म्हणत.

"कुरकुरू दे हो. माझे गुडघे कुरकुरतात, त्यांच्याकडे कोण बघतंय?"

एका शनिवारी दुपारी, मावशी घरी गेल्यावर, दार बोटभर उघडे राहिले. मी शिटी वाजवली. डॉक्टर बाई कानाला फोन लावून आल्या. "रक्त चढवा, मी पोचतेच," असे म्हणत त्यांनी न बघताच माझी शिटी बंद करायचे बटण दाबले आणि त्या गेल्या. वॉर्डात सारखी यंत्रे वाजतात; बोटाला तशी सवयच लागते.

सोमवारी मावशींनी पाहिले, तेव्हा सगळ्या नळ्यांतले गोठवलेले रक्त वितळले होते.

त्यांतली एक, गेल्या वर्षी दगावलेल्या एका मुलाची होती. त्याची धाकटी बहीण आता त्याच आजाराने वॉर्डात होती. तिच्या अंगात इतकी औषधे आणि परके रक्त गेले होते, की तिच्या रक्तावरून छडा लागेना. भावाची नळी मात्र औषधांआधीची होती. योग्य उपचार तीच सांगणार होती.

डॉक्टर बाईंनी त्या मुलांच्या आईला माझ्यासमोर आणले. "नळी खराब झाली. हा वाजत होता. शिटी मी बंद केली."

आई म्हणाली, "त्याचं रक्त घेताना तुम्ही म्हणाला होतात, दुसऱ्या कुणाच्या तरी लेकराच्या उपयोगी पडेल. ते लेकरू माझंच निघालं, डॉक्टर."

आईवडिलांच्या रक्तावरून कारण सापडायला अकरा दिवस लागले. मुलगी नवव्या दिवशी गेली.

मी आणखी मोठ्याने ओरडायला हवे होते, असे वाटत राहते. पण मला आवाज तेवढाच दिलेला होता.

आता मी जिन्याखाली उभा आहे, वायर गुंडाळलेला. मित्रांनो, एखादे यंत्र, एखादे म्हातारे माणूस, एखादे मूल पुन्हा पुन्हा आवाज करत असेल, तर त्याला गप्प करण्याआधी एकदा जवळ जाऊन बघा.

इथून प्रयोगशाळा दिसते. परवा नव्या फ्रीजरची शिटी वाजली. डॉक्टर बाई धावत आल्या आणि दाराच्या चारी कडांवरून हात फिरवू लागल्या. दार नीट लागलेले होते. शिटी केव्हाच थांबली, तरी त्यांचा हात फिरतच राहिला.